बंद पडलेल्या स्टेशनाचा इतिहास कसा लिहावा : बार्शी लाइटच्या निमित्ताने

गावात एकेकाळी रेल्वे येत होती, पुढे गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले आणि आता त्या जागी बाजार भरतो किंवा नुसत्या बाभळी माजल्या आहेत, अशी गावे महाराष्ट्रात कमी नाहीत. अशा स्टेशनाचा इतिहास लिहायला घेणारा बहुधा जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करण्यापासून सुरुवात करतो, आणि त्याचे काम पुष्कळदा तेथेच थांबते. आठवणी महत्त्वाच्या आहेतच. परंतु आधी कागद, मग जमीन आणि त्यानंतर माणसे, असा क्रम ठेवला तर सांगणाऱ्याला नेमके काय विचारायचे हे आपल्याला ठाऊक असते. दुसरे असे की स्टेशनाचा इतिहास म्हणजे केवळ इमारतीचा इतिहास नव्हे. ते स्टेशन तेथेच का झाले, त्याच्या मालधक्क्यावरून काय गेले आणि काय आले, आणि तो माल किंवा ती माणसे पुढे दुसऱ्या वाटेने का जाऊ लागली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बाकीचा तपशील आपापल्या जागी बसतो.

हे काम कसे करावे ते सांगताना मी मुख्यतः बार्शी लाइट रेल्वेची उदाहरणे घेतली आहेत, कारण मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी आणि लातूर यांना जोडणाऱ्या या अरुंद मार्गाचे कागद बरेच आहेत आणि त्यावरील जुन्या स्टेशनांच्या खुणा अजून पूर्णपणे पुसलेल्या नाहीत.

आधी मार्ग, मग स्टेशन

एकट्या स्टेशनाचे कागद क्वचितच सापडतात. सापडतात ते मार्गाचे आणि कंपनीचे. म्हणून प्रथम आपले स्टेशन कोणत्या कंपनीच्या मार्गावर होते, तो मार्ग किती टप्प्यांत झाला आणि त्यातील कोणत्या टप्प्यात आपले गाव आले, हे निश्चित करावे.

जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबईहून निघालेला मुख्य मार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला, परंतु कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी बाजारपेठ असलेली बार्शी त्या मार्गापासून सुमारे ३४ किलोमीटर दूर राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा ‘बार्शी रोड’ असे नाव होते, ते यामुळेच. निजामाच्या मुलखातून बार्शीत उतरणारा माल तेथून बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत न्यावा लागे. जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हे हेरले, आपली योजना मांडली, आणि शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली. अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीचा हा मार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी असा सुरू झाला. पंढरपूरचा फाटा १९०६ मध्ये झाला, दुसऱ्या बाजूला रूळ १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेले, आणि पंढरपूर ते मिरज हा शेवटचा टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर भरली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला.

एवढा सांगाडा हाती आला की पुष्कळ चुका आपोआप टळतात. पंढरपूर ते मिरज यांच्यामधल्या एखाद्या स्टेशनाबद्दल कोणी “आमच्याकडे १८९७ पासून गाडी होती” असे सांगितले, तर ते त्या स्टेशनाविषयी नसून कंपनीविषयी आहे हे लगेच कळते. आपले स्टेशन सुरुवातीच्या टप्प्यातले की शेवटच्या, यावरून ते कशासाठी झाले असावे याचाही अंदाज येतो. बार्शीचा टप्पा मालासाठी होता. पंढरपूरच्या फाट्याला आषाढी-कार्तिकीच्या वारकऱ्यांचा आधार होता.

तारीख एकच नसते

‘स्टेशन कधी सुरू झाले’ या प्रश्नाला चार-पाच खरी उत्तरे असू शकतात. मार्गाला मंजुरी मिळाल्याचा दिवस वेगळा, जमीन संपादनाचा वेगळा, बांधकामाच्या गाड्या धावू लागल्याचा वेगळा, मालवाहतूक सुरू झाल्याचा वेगळा आणि प्रवाशांसाठी मार्ग खुला झाल्याचा वेगळा. १८९० च्या रेल्वे कायद्यानुसार सरकारी निरीक्षकाने पाहणी करून मान्यता दिल्याशिवाय मार्गावर प्रवासी नेता येत नसत, म्हणून प्रवासी वाहतुकीची तारीख सहसा सर्वांत भरवशाची असते. भारतातील प्रत्येक मार्गाचा प्रत्येक टप्पा केव्हा खुला झाला याच्या याद्या रेल्वे बोर्डाने वेळोवेळी पुस्तकरूपाने छापल्या आहेत आणि त्यांतील काही आवृत्त्या आता संगणकावर वाचायला मिळतात. तारखेसाठी पहिला आधार त्या याद्यांचा घ्यावा, आणि वर्तमानपत्र, स्मरणिका किंवा फलकावरची तारीख तिच्याशी ताडून पाहावी.

बंद होण्याचेही असेच आहे. शेवटची गाडी गेली तो दिवस, मार्ग औपचारिकपणे बंद केल्याचा आदेश, रूळ काढल्याचा काळ आणि इमारत पाडल्याचा काळ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बार्शी लाइटच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हा मार्ग बंद पडला नाही, तर टप्प्याटप्प्याने रुंद झाला. कुर्डुवाडी ते लातूर हा भाग २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाला. परंतु रुंदीकरणात काही ठिकाणी मार्गाची आखणीच बदलली. नॅरोगेज ज्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, कधी गेली नव्हती तेथे नवी गाडी गेली, आणि शहराच्या मध्यात असलेले लातूरचे जुने स्टेशन सुटून नवे स्टेशन शहराबाहेर झाले. म्हणून ‘मार्ग चालू आहे, मग स्टेशन बंद कसे’ असा प्रश्न पडला तर जुनी आणि नवी आखणी एकमेकांवर ठेवून पाहावी.

दप्तरे कोठे पाहावीत

जिल्हा गॅझेटियरपासून आरंभ करावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर खंड १८८४ चा आहे, म्हणजे बार्शी लाइट होण्याच्या आधीचा, आणि म्हणूनच तो उपयोगी आहे. रेल्वे येण्यापूर्वी कोणता माल कोणत्या रस्त्याने कोठे जात होता हे त्यात मिळते. त्यानंतरच्या शासकीय गॅझेटियरमधील दळणवळण आणि व्यापाराची प्रकरणे त्याच्या शेजारी ठेवून वाचली की रेल्वेने काय बदलले ते दिसू लागते. दहा-दहा वर्षांच्या जनगणनेतील गावची लोकसंख्या हीदेखील याच वेळी टिपून घ्यावी.

नंतर पुराभिलेखागार. मुंबईतील महाराष्ट्र पुराभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे आणि इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड तेथे पाहावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील रेल्वे खात्याच्या पुष्कळ फायली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतात. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली असेल तर ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तराची सूचीही पाहावी. भागधारकांना दिलेल्या अहवालांत उत्पन्न, टनभार आणि प्रवासीसंख्या असते, आणि एखाद्या वर्षी उत्पन्न का घटले याची कारणेही असतात, कारण भागधारकांना ती सांगावीच लागत. विदर्भातील शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्ग किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीने चालवलेल्या कंपनीचा होता, म्हणून तेथे शोधाची दिशा वेगळी ठरते. मालक कोण होता हे ठाऊक नसताना दप्तरखान्यात जाणे म्हणजे वेळ घालवणे होय.

सूचीत शोधताना जुने इंग्रजी उच्चार धरून चालावे. बार्शीचे ‘बार्सी’, सोलापूरचे ‘शोलापूर’, कुर्डुवाडीच्या जागी ‘बार्सी रोड’ असे लिहिलेले असते आणि आजच्या नावाने शोधल्यास हाती काहीच लागत नाही.

लातूरच्या बाजूची स्टेशने १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती, ही गोष्ट अनेक जण विसरतात. त्या भागाचे संस्थानी कागद मुंबईत शोधून उपयोग नाही. ते हैदराबादेत तारनाका येथील तेलंगण राज्य अभिलेखागारात पाहावे लागतात, आणि त्यांतील बरेच उर्दूत आहेत. त्यांवरील वर्ष फसली सनाचे, म्हणजे महसुली कालगणनेचे, असते. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, परंतु फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे वर्षाचा उरलेला मोठा भाग पुढच्या इसवी वर्षात पडतो. फसली १३२० म्हणजे १९१०-११, आणि लातूरला गाडी आली ती याच काळात.

जुने आकडे वाचतानाही थोडे सांभाळावे लागते. माल मणांत मोजलेला असतो आणि रेल्वेचा मण सुमारे ३७ किलोचा असल्यामुळे साधारण २७ मणांचा एक टन होतो. वेळापत्रक १९०५ च्या आधीचे असेल तर त्यातील वेळ बहुधा मद्रास टाइमची असते, जी आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा नऊ मिनिटे मागे होती. नऊ मिनिटांनी इतिहास बदलत नाही, हे खरे. परंतु स्थानिक वर्तमानपत्रातील वेळ आणि कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ जुळली नाही, तर कोणाला चुकीचे ठरवण्यापूर्वी हे लक्षात असावे.

जमिनीचे कागद

माझ्या मते स्टेशनाच्या इतिहासात सर्वांत कमी वापरले गेलेले आणि सर्वांत बोलके साधन म्हणजे महसुली कागद. रेल्वेसाठी जमीन घेतली तेव्हा कोणत्या सर्व्हे नंबरातून किती क्षेत्र गेले याची नोंद भूमी अभिलेख कार्यालयातील कमी-जास्त पत्रकात असते. त्याची नक्कल मागवावी, सोबत जुना गावनकाशा घ्यावा, आणि रेल्वेच्या पट्ट्याची रुंदी कोठे वाढली आहे ते पाहावे. साध्या मार्गासाठी अरुंद पट्टा पुरतो. तो जेथे एकाएकी फुगतो तेथे यार्ड, मालधक्का किंवा क्वार्टर्स होती असे समजावे, मग आज तेथे काही दिसो वा न दिसो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालील अधिसूचना सरकारी राजपत्रात छापल्या जात आणि त्यांत कित्येकदा जमीनधारकांची नावेही येतात. मराठवाड्यातील गावांसाठी सातबाऱ्याच्या मागे जायचे झाल्यास खासरा पाहणी पत्रक मागावे लागते.

रेल्वेकडे स्वतःचे जमीन नकाशे आणि यार्डांचे आराखडे असतात. ते माहितीच्या अधिकारात मागता येतात. कुर्डुवाडी–लातूर भागासाठी मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्कासह अर्ज करावा. अर्जात ‘स्टेशनाचा इतिहास द्यावा’ असे लिहिल्यास अशी माहिती उपलब्ध नाही असे उत्तर येईल. ‘अमुक स्टेशनाच्या नॅरोगेज यार्डाच्या आराखड्याची प्रत’, ‘नॅरोगेज गाडी बंद केल्याच्या परिपत्रकाची प्रत’ अशी नेमक्या कागदांची मागणी करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते, आणि ते करावे.

प्रत्यक्ष जागेवर

हे सगळे हाती आल्यावरच जागेवर जावे, जुना एक इंची (एका मैलाला एक इंच या प्रमाणाचा) भूमापन नकाशा सोबत घेऊन. बार्शीचा परिसर ४७ एन या क्रमांकाच्या नकाशांत येतो, पंढरपूरचा ४७ ओ मध्ये. आजच्या उपग्रहचित्रात जुना मार्ग बहुधा ओळखू येतो: शेतांचे बांध काटकोनात असताना मधूनच जाणारी एखादी संथ वळणाची रेघ, किंवा कारण नसताना वाकडा झालेला रस्ता. घरांच्या दाटीतही ही वळणे टिकतात, कारण रेल्वेची हद्द धरूनच बांधकामे झालेली असतात.

जागेवर पाहायच्या गोष्टींत फलाटापेक्षा मालधक्का महत्त्वाचा. नॅरोगेजचा फलाट जमिनीपासून जेमतेम उंच असतो आणि लवकर पुसला जातो; मालधक्का मात्र वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, तळाइतका उंच दगडी बांधलेला असल्याने टिकतो. त्याच्या आसपास जिनिंग, वखारी, अडत दुकाने यांची जुनी बांधकामे आहेत का, आणि त्यांची दारे रस्त्याकडे आहेत की मालधक्क्याकडे, हे पाहावे. दार कोणत्या बाजूला आहे यावरून ती इमारत बांधणाऱ्याचा माल कोणत्या वाटेने जाणार होता ते समजते. इंजिनात पाणी भरण्याचा खांब, राख पाडायचा खड्डा, विहीर आणि पाण्याची टाकी यांवरून इंजिन तेथे थांबून पाणी घेत असे की पुढे निघून जाई, हे ठरवता येते. रुळांखालच्या मोऱ्यांवर कोठे कोठे वर्ष कोरलेला दगड असतो. भरावाच्या पायथ्याला उतरल्याशिवाय तो दिसत नाही.

रुळाचा तुकडा मिळाला, आणि तो कुंपणाचा खांब, गोठ्याचा वासा किंवा गटारावरची फळी होऊन बसलेला हटकून मिळतो, तर त्याची बाजू नीट पाहावी. रुळाचा वरचा डोका आणि खालचा तळ यांच्यामधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव, वर्ष आणि वजन उठावाच्या अक्षरांत असते. गंजामुळे ते एरवी वाचता येत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना जावे, सुक्या ब्रशाने माती झाडावी आणि खडूची कांडी आडवी धरून हलक्या हाताने फिरवावी. अक्षरांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या होतात आणि छायाचित्रात स्वच्छ उमटतात. बार्शी लाइटचे मूळ रूळ दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचे, म्हणजे फार हलके होते. इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, या कॅलथ्रॉपच्या तत्त्वामुळे ते चालले. तुमच्या तुकड्यावर त्याहून जास्त वजन असेल तर तो रूळ नंतर बदललेला आहे. वर्षाचा अर्थ मात्र मर्यादित घ्यावा: रूळ त्या वर्षी तयार झाला एवढेच ते सांगते, कारण जुने रूळ एका मार्गावरून काढून दुसऱ्यावर टाकण्याची पद्धत होती.

असा तुकडा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) किंवा दिवा घरी आणू नये. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हाही १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. जागा ओसाड असली तरी ती कोणाच्या ताब्यात आहे हे विचारून मगच आत जावे.

माणसांशी बोलताना

केवळ स्टेशन मास्तर आणि गार्ड यांच्या शोधात राहू नये. सांधेवाला, गँगमन, हमाल, मालधक्क्यावरचा गाडीवान, अडत्याचा दिवाणजी, स्टेशनासमोरच्या चहावाल्याचे कुटुंब, रोज गाडीने शाळेला जाणाऱ्या मुली, भाजी घेऊन बाजारला जाणाऱ्या बाया, यांना जे ठाऊक असते ते नोकरदाराच्या सांगण्यात येत नाही. ‘स्टेशनाबद्दल सांगा’ असे विचारण्याऐवजी बारीक प्रश्न विचारावेत: पोते वाघिणीत चढवण्याचे किती पैसे मिळत, गाडी चुकली तर कोठे झोपत, पाणी कोठले पीत, आणि फलाटावर कोणाला बसू देत नसत. हा शेवटचा प्रश्न टाळू नये.

वर्षे लोकांना आठवत नाहीत, घटना आठवतात. या भागात पोलिस अॅक्शन, म्हणजे हैदराबाद संस्थानावरील सप्टेंबर १९४८ ची भारतीय लष्करी कारवाई, बहात्तरचा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे तीन टप्पे वयस्क माणसाला नक्की सांगता येतात. जे सांगितले ते त्यांच्या आधीचे की नंतरचे एवढे विचारले तरी काळ बराचसा ठरतो. संस्थानी हद्दीजवळच्या स्टेशनांवर करोडगिरी नाक्याच्या, म्हणजे निजामी जकातीच्या, आणि मुक्तिसंग्रामाच्या काळातील सरहद्दीवरच्या कॅम्पांच्या आठवणी घराघरांत ऐकून टिकलेल्या असतात. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. अशी सभा झालेल्या गावी लोक कोणत्या गाडीने आणि कोणत्या स्टेशनावर उतरून आले हे विचारल्यास स्टेशनाची एक निराळीच बाजू उघड होते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहावे. ‘गाडी इतकी सावकाश जायची की उतरून, शेंगा तोडून, परत चढता यायचे’ हे बार्शी लाइटबद्दल सांगतात, शकुंतलेबद्दल सांगतात आणि पाचोरा–जामनेरच्या पीजेबद्दलही सांगतात. जे सर्वांबद्दल सांगितले जाते ते तुमच्या स्टेशनाचा पुरावा होऊ शकत नाही. त्याऐवजी वेळापत्रकातील दोन स्टेशनांमधले अंतर आणि लागणारा वेळ घेऊन वेग काढावा, तो छापावा आणि वाटल्यास मग गोष्ट सांगावी.

लिहिताना

सारी सामग्री काळाच्या एकाच रांगेत न लावता, आरंभी मांडलेल्या तीन प्रश्नांभोवती ठेवावी. प्रत्येक विधानासोबत त्याचा आधार मजकुरातच द्यावा: ‘कमी-जास्त पत्रकानुसार’, ‘कंपनीच्या अमुक वर्षाच्या अहवालानुसार’, ‘मालधक्क्यावर काम केलेल्या एका हमालाच्या सांगण्यानुसार’. दोन आधार जुळत नसतील तर दोन्ही द्यावेत आणि आपला कल कोणाकडे व का, ते सांगावे.

कारणे लावताना घाई नको. लातूरला गाडी १९११ मध्ये आली आणि गंजगोलाईची पेठ १९१७ मध्ये उभी राहिली. रेल्वेमुळेच पेठ झाली असे लिहिण्याचा मोह यात होतो. तसे असेलही, परंतु ते लिहिण्यापूर्वी मधल्या सहा वर्षांत लातूर स्टेशनावरून किती माल गेला हे दाखवता आले पाहिजे. स्टेशन ओस पडण्याचे कारण लिहितानाही ‘रेल्वेचे दुर्लक्ष’ एवढ्यावर भागवू नये. नॅरोगेजचा माल कुर्डुवाडीला आणि मिरजेला मोठ्या गाडीत भरताना हमालीचा दुहेरी खर्च येत असे, पोती फुटत आणि दिवस मोडत. डांबरी सडक झाली आणि अडत्याच्या दारापासून थेट गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत ट्रक जाऊ लागला, तेव्हा हा खर्च कोणी का सोसावा? आपल्या गावी हे केव्हा घडले ते कळण्यासाठी बाजार समितीच्या नोंदी, सडक पक्की झाल्याचे वर्ष आणि पहिल्या ट्रान्सपोर्ट कंपनीची आठवण, या तिन्ही गोष्टी शोधाव्यात.

मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या असतील तर नाव छापण्याची परवानगी ध्वनिमुद्रणातच विचारून घ्यावी. नकला, नकाशे आणि छायाचित्रे यांचा एक संच गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावा, आणि प्रत्येक छायाचित्रामागे पेन्सिलीने जागा, दिशा व तारीख लिहावी. ‘जुने स्टेशन’ एवढेच लिहिलेले छायाचित्र वीस वर्षांनी कोणत्या स्टेशनाचे होते, हे कोणालाच सांगता येणार नाही.